पहिलंच आयटारचं (अमेरिकेचे संरक्षण निर्यात नियम) काम येतंय, प्रोग्रामर एच-1बी वर आणि निम्मं कॅम (मशीनचं प्रोग्रामिंग) भारतातून होतं, कुठून सुरुवात करायची?

पाचअॅक्सिस

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या एका छोट्या मशीन शॉपमधे मी ऑपरेशन्स बघतो. दोन 5-अॅक्सिस, बाकी 3-अॅक्सिस आणि टर्निंग, एएस9100 (विमान उद्योगाचं क्वालिटी सर्टिफिकेट) आहे, आत्तापर्यंत मेडिकल, सेमीकंडक्टर आणि थोडं कमर्शियल विमानांचं काम. आता एका जुन्या कस्टमरने विचारलंय की मिलिटरी हेलिकॉप्टरची काही अॅल्युमिनियम हाउजिंग्ज कराल का, काम अगदी आमच्या मशीनला साजेसं आहे, मालक खूश आहेत. कस्टमरचा फॉर्म आलाय त्यात एक प्रश्न, "तुम्ही डीडीटीसीकडे रजिस्टर्ड आहात का" (डीडीटीसी म्हणजे संरक्षण निर्यात बघणारं सरकारी ऑफिस), आणि खाली ठळक अक्षरात आयटार. मॉडेल आणि ड्रॉइंगची पोर्टलची लिंक पण आलीये पण मी ती अजून उघडलेली नाही आणि कोणाला उघडू पण दिलेली नाही.

मालकांचं म्हणणं असं की आपण काही बाहेरच्या देशात माल पाठवणार नाही, पार्ट इथेच बनणार आणि इथेच डिलिव्हर होणार, मग एक्सपोर्टचे नियम आपल्याला लागतीलच कसे. मला ते पटत नाहीये पण नीट समजावून पण सांगता येत नाहीये.

अडचणी तीन. पहिली म्हणजे आमचा सगळ्यात चांगला 5-अॅक्सिस प्रोग्रामर आपलाच मराठी मुलगा आहे, एच-1बी वर, ग्रीन कार्डची फाइल रांगेत आहे. दुसरी, लोड जास्त झाला की कॅम प्रोग्रामिंग भारतातल्या एका फर्मला देतो, ते रात्रीत करून पाठवतात आणि काम खरंच चांगलं असतं. तिसरी, आमचा सर्व्हर आणि ईमेल एक बाहेरची आयटी कंपनी सांभाळते, त्यांचा नाइट सपोर्ट कुठून चालतो ते मला माहीत नाही.

वकील करणारच आहोत, पण वकिलासमोर बसायच्या आधी निदान काय विचारायचं ते तरी कळायला हवं. कोणी या वाटेने गेलं असेल तर सविस्तर सांगा प्लीज.

क्वालिटीवाली

लिंक उघडली नाहीत हे फार चांगलं केलंत, आधी तेच सांगणार होते.

मालकांना असं सांगा. या कायद्यात एक्सपोर्ट म्हणजे फक्त बॉक्स जहाजात चढणं नाही. टेक्निकल डेटा अमेरिकेबाहेर गेला तर एक्सपोर्ट, आणि अमेरिकेतच बसलेल्या फॉरेन पर्सनला (सिटिझन, ग्रीन कार्डधारक किंवा रेफ्युजी-असायलमवाला नसलेल्याला) तो दाखवला, ईमेल केला, तोंडी समजावला तरी तोही एक्सपोर्टच. म्हणजे तुमच्या शॉपमधून एकही पार्ट बाहेरच्या देशात न जाता तुमच्याकडून दहा वेळा एक्सपोर्ट होऊ शकतो. आणि टेक्निकल डेटा म्हणजे नुसतं ड्रॉइंग नाही हं, सॉलिड मॉडेल, सेटअप शीट, जी-कोड (मशीनला दिलेला प्रोग्राम), सीएमएमचा (पार्ट मोजायच्या मशीनचा) प्रोग्राम आणि रिपोर्ट, फिक्स्चरचं डिझाइन ज्यात पार्टची जॉमेट्री दिसते, हे सगळं त्यात धरून चाला. मशीनच्या स्क्रीनवर प्रोग्राम उघडा आहे आणि शेजारून कोणी व्हिजिटर चाललाय, हे सुद्धा बघावं लागतं.

रजिस्ट्रेशनचं. आयटार म्हणजे 22 सीएफआर, भाग 120 ते 130, स्टेट डिपार्टमेंटच्या अखत्यारीत, चालवतं डीडीटीसी. त्यातला भाग 122 स्पष्ट म्हणतो की जो कोणी अमेरिकेत डिफेन्स आर्टिकल बनवण्याचा धंदा करतो त्याने रजिस्टर व्हायचं, एक्सपोर्ट करो अगर न करो, आणि एकदा बनवलं तरी धंदा धरतात. फॉर्म डीएस-2032, ऑनलाइन भरतात. फी बरीच वर्षं 2,250 डॉलर होती, जानेवारी 2025 पासून पहिल्या टप्प्याची 3,000 झालीये, आणि दर वर्षी रिन्यू करायचं, मुदत संपायच्या 60 ते 30 दिवस आधीच्या खिडकीत. मालकी बदलली, डायरेक्टर बदलला, पत्ता बदलला तर 5 दिवसांत कळवायचं, आणि कंपनी परदेशी माणसाला विकणार असाल तर 60 दिवस आधी. बहुतेक शॉप रजिस्ट्रेशन करून फाइल बंद करतात आणि नंतर याच गोष्टीत अडकतात.

आणि रजिस्ट्रेशन म्हणजे लायसन्स नाही! त्याने कोणाला काही दाखवायची परवानगी मिळत नाही, नुसती तुमची नोंद होते. आम्ही आयटार सर्टिफाइड आहोत असं वेबसाइटवर लिहिणारे शॉप दिसतात, असलं सर्टिफिकेट कोणी देत नाही, तुम्ही तरी लिहू नका.

भारतातल्या फर्मचं उत्तर सरळ आहे, या कामासाठी नाही. त्यांना मॉडेल पाठवायचं तर आधी डीडीटीसीची मंजुरी लागते, डीएसपी-5 (एक्सपोर्ट लायसन्स) किंवा टेक्निकल असिस्टन्स अॅग्रीमेंट (टेक्निकल मदतीचा मंजूर करार), आणि पंधरा-वीस तासांच्या प्रोग्रामिंगसाठी ते कोणी करत नाही. काही लोक म्हणतील टायटल ब्लॉक काढून टाका, पार्ट नंबर बदला, कस्टमरचं नाव पुसा आणि पाठवा. अजिबात करू नका. जॉमेट्री हाच डेटा आहे, नाव पुसल्याने तो बदलत नाही, उलट नाव पुसलंत म्हणजे तुम्हाला माहीत होतं हे तुम्हीच लिहून दिल्यासारखं होतं.

लेथकाका

ताईंनी छान सांगितलंय. मी एक पायरी मागे जातो, कारण तुमच्या प्रश्नात एक गोष्ट सगळ्यांनी गृहीत धरलीये की हा पार्ट आयटारच आहे. कस्टमरने फॉर्मवर आयटार लिहिलं म्हणजे असेलच असं नाही आणि नाही लिहिलं म्हणजे नसेल असंही नाही.

2013 पासून एक्सपोर्ट कंट्रोल रिफॉर्म झालं, त्यात मिलिटरी विमानांचे हजारो साधे पार्ट यूएसएमएल (आयटारची लष्करी वस्तूंची यादी) मधून निघून कॉमर्सच्या यादीत गेले, तिथे त्यांना 600 सीरीज म्हणतात. यूएसएमएलची कॅटेगरी 8 बघा, (एच) पॅरेग्राफमधे काय काय शिल्लक राहिलंय ते नावानिशी लिहिलंय, एफ-22, एफ-35, बी-2 अशा काही विमानांसाठी स्पेशली डिझाइन्ड पार्ट, हेलिकॉप्टरचे ठराविक प्रकारचे गिअरबॉक्स वगैरे. तुमचं हाउजिंग त्या यादीत बसत नसेल तर ते बहुधा 9ए610.एक्स मधे येईल, म्हणजे कॉमर्स डिपार्टमेंट, त्यांचं एक्सपोर्टचं ऑफिस बीआयएस आणि त्यांचे नियम ईएआर. तिथे मॅन्युफॅक्चररला रजिस्ट्रेशनच नाही. पण कंट्रोल मात्र आहेच, 600 सीरीजला कॅनडा सोडून जवळपास सगळ्या जगासाठी लायसन्सचा प्रश्न येतो, आणि त्याची टेक्नॉलॉजी 9ई610, ती अमेरिकेतच फॉरेन पर्सनला दाखवली की डीम्ड एक्सपोर्ट (म्हणजे एक्सपोर्ट झाला असं धरतात). भारतात पाठवणं तर साधा सरळ एक्सपोर्ट.

म्हणून कस्टमरला पहिलं ईमेल हे करा, या पार्ट नंबरचं क्लासिफिकेशन लेखी द्या, यूएसएमएलची कॅटेगरी आणि सब-पॅरेग्राफ, किंवा ईसीसीएन (कॉमर्सच्या यादीतला नंबर). फक्त आयटार येस नो नाही, पॅरेग्राफ. डिझाइन अथॉरिटी त्यांच्या वरच्या कंपनीकडे असते, त्यांना ठाऊक असतं, खालपर्यंत झिरपत येताना कोणीतरी सोयीसाठी सरसकट आयटारचा शिक्का मारतो. बिल्ड टू प्रिंट (दुसऱ्याच्या ड्रॉइंगप्रमाणे बनवणाऱ्या) शॉपने स्वतः अंदाज लावू नये, तुमच्याकडे पार्ट कुठे बसतो, काय करतो याची माहितीच नसते. खरंच वाद झाला तर डीएस-4076 भरून कमॉडिटी ज्युरिस्डिक्शन (पार्ट कोणत्या नियमांखाली येतो याचा सरकारी निर्णय) मागता येतं, पण ते शक्यतो डिझाइनवाल्यानेच करावं.

स्पेशली डिझाइन्ड हा शब्द नीट वाचा, दोन्ही नियमांत त्याची लांबलचक व्याख्या आहे, आधी पकडते मग काही कारणांनी सोडते. स्क्रू, वॉशर, स्पेसर, ग्रॉमेट, बुशिंग, स्प्रिंग सुटतात. तोच पार्ट सिव्हिल मशीनमधे पण त्याच फॉर्म फिट फंक्शनने चालू प्रॉडक्शनमधे असेल तरी सुटायचा रस्ता आहे. हाउजिंग असं सहज सुटत नाही, पण सोबत एखादा स्पेसर पण कोट करत असाल तर तो वेगळा विचारा.

आणि अर्धवट पार्टचं लक्षात ठेवा. फोर्जिंग, कास्टिंग, रफ केलेली बॉडी, ज्या टप्प्याला ती बघून हे काय होणार ते ओळखता येतं त्या टप्प्यापासून तिला पण नियम लागतो. कापलेला बिलेट म्हणजे नुसतं अॅल्युमिनियम. पण ऑप 20 (मशीनिंगचा एक टप्पा) झाल्यावर रिजेक्ट झालेलं हाउजिंग स्क्रॅपवाल्याच्या डब्यात तसंच टाकलं तर ते डिफेन्स आर्टिकल भंगारात गेलं. बँडसॉने आडवं-उभं कापा, बोअर आणि माउंटिंग फेस वापरता येणार नाहीत असं, फोटो काढा, सही करा, ट्रॅव्हलरला (जॉबबरोबर फिरणाऱ्या कागदाला) जोडा. चिप्सचं काही नाही.

मालकांना उदाहरणं हवी असतील तर दोन सार्वजनिक केसेस दाखवा. मे 2021 मधे हनीवेलने स्टेट डिपार्टमेंटबरोबर 1 कोटी 30 लाख डॉलरला सेटलमेंट केली, मूळ मुद्दा काय तर कोट मागवताना इंजिनिअरिंग ड्रॉइंग चीनसकट बाहेरच्या देशांतल्या सप्लायरना गेली. नुसतं कोट! पार्ट बनायचा प्रश्नच नव्हता. फेब्रुवारी 2023 मधे 3डी सिस्टिम्स, स्टेट, कॉमर्स आणि जस्टिस तिन्ही मिळून 2 कोटी डॉलरच्या वर, त्यातही कोटेशनसाठी ड्रॉइंग चीनला गेल्याचा भाग होता. आणि आपल्या लोकांनी वाचावी अशी तिसरी, न्यू जर्सीतली एक डिफेन्स कॉन्ट्रॅक्टर, तिने भारतात पार्ट बनवून घ्यायला ड्रॉइंग पाठवली, त्यासाठी चर्चच्या पासवर्डवाल्या वेबसाइटवर ती अपलोड केली होती, 2015 मधे गुन्हा कबूल केला आणि पुढे तुरुंगात गेली. मोठी कंपनी पैसे भरते, छोट्या शॉपमधे माणूस जातो. क्रिमिनल शिक्षा एका उल्लंघनाला 10 लाख डॉलर आणि 20 वर्षांपर्यंत आहे, सिव्हिल दंड 12 लाख डॉलरच्या वर.

पाचअॅक्सिस

काका, ताई, मनापासून धन्यवाद. कस्टमरला क्लासिफिकेशनचं ईमेल टाकलं. मालकांना हनीवेलचं वाचून दाखवलं, त्यानंतर रजिस्ट्रेशनला नाही म्हणाले नाहीत.

आता मुख्य प्रश्न त्या मुलाचा. एचआरचं म्हणणं निघालंय की मग यापुढे फक्त सिटिझनच घेऊया, जाहिरातीत तसं लिहूया, झंझट नको. आणि त्याला वेगळ्या बिल्डिंगमधे बसवूया. मला हे बरोबर वाटत नाही. त्याने दोन वर्षांत आमच्याकडे जे प्रोग्रामिंग उभं केलंय ते बघता त्याला असं बाजूला करणं मनाला लागतंय.

डीम्डएक्सपोर्ट

मी कंप्लायन्समधेच काम करते, वकील नाही, पण हा भाग रोजचा आहे म्हणून लिहिते.

तुमच्या एचआरला आजच थांबवा. फक्त सिटिझन असं लिहिणं बहुतेक वेळा स्वतःच बेकायदेशीर आहे. आयटारमधे यूएस पर्सन म्हणजे सिटिझन, ग्रीन कार्डधारक, आणि रेफ्युजी किंवा असायलम मिळालेले लोक, हे सगळे. कायदा या सगळ्यांना सारखंच धरतो. आयटारचं कारण सांगून ग्रीन कार्डवाल्याला किंवा रेफ्युजीला नाकारलंत तर जस्टिस डिपार्टमेंटचं इमिग्रंट अँड एम्प्लॉयी राइट्स सेक्शन मागे लागतं. जनरल मोटर्सने 2023 मधे 3,65,000 डॉलरचा दंड भरला, त्यात एक्सपोर्ट कंट्रोलची तपासणी आणि आय-9 (नोकरीच्या पात्रतेचा फॉर्म) ची कागदपत्रं एकत्र करून ग्रीन कार्डवाल्यांकडे पासपोर्ट मागण्याचा मुद्दा होता. म्हणून दोन्ही प्रोसेस वेगळ्या ठेवा. आय-9 मधे माणूस हवी ती वैध कागदपत्रं देईल. एक्सपोर्टसाठीची चौकशी वेगळ्या फॉर्मवर, वेगळी फाइल, आणि ती त्याच लोकांची ज्यांना त्या डेटापर्यंत पोचायचंय.

एच-1बी, एफ-1 ओपीटी, एल-1, आणि ग्रीन कार्डची फाइल चालू असून हातात ईएडी (वर्क परमिट) आहे असे, हे सगळे फॉरेन पर्सनच. फाइल कितीही पुढे गेलेली असो, कार्ड मंजूर होईपर्यंत. हे क्रूर वाटतं, विशेषतः आपल्या लोकांची रांग बघता, पण तिथे पळवाट नाही.

पण फॉरेन पर्सन म्हणजे कायमची बंदी असंही नाही. आयटार असेल तर त्याच्या नावाने डीएसपी-5 मागता येतो, फॉरेन पर्सन एम्प्लॉयमेंटसाठी. भारत हा आयटारच्या कलम 126.1 मधल्या बंदी घातलेल्या देशांत नाही, अर्ज करणं अगदी शक्य आहे. त्यात तो कोणता डेटा बघणार, कशासाठी, तुम्ही काय कंट्रोल ठेवणार हे लिहावं लागतं. ईएआर मधे आलं तर डीम्ड एक्सपोर्ट लायसन्स, आणि 2018 मधे भारत कॉमर्सच्या ए:5 (विश्वासातल्या देशांच्या) गटात आला त्यामुळे काही परिस्थितीत एसटीए लायसन्स एक्सेप्शन (लायसन्सशिवाय चालायची सवलत) बसू शकतं, अटी बऱ्याच आहेत, पण वकिलाला हा प्रश्न नक्की विचारा, बरेच जण विचारतच नाहीत. म्हणूनच काकांनी सांगितलेला पॅरेग्राफ नंबर आधी हवा.

अजून एक, त्याच्या एच-1बी साठी तुम्ही आय-129 (व्हिसासाठीचा कंपनीचा अर्ज) भरलाय, त्यातला भाग 6 काढून वाचा. तिथे कंपनीने सही केलीये की या माणसाला कंट्रोल्ड टेक्नॉलॉजी दाखवायला लायसन्स लागत नाही, किंवा लागतं आणि ते मिळेपर्यंत दाखवणार नाही. कमर्शियल काम होतं तेव्हा पहिल्या खान्यात टिक केलेली असणार. आता परिस्थिती बदलतेय, तर इमिग्रेशनवाला वकील आणि एक्सपोर्टवाला वकील एकमेकांशी बोलतात ना ते बघा.

वेगळी बिल्डिंग वगैरे गरज नाही. टेक्नॉलॉजी कंट्रोल प्लॅन लिहा. आयटारचे जॉब एका ठराविक सेलमधे, तिथे आत कोण जाऊ शकतं ते लिहिलेलं, ट्रॅव्हलर वेगळ्या रंगाच्या फोल्डरमधे, सर्व्हरवर फोल्डरला नावानिशी परमिशन, मशीन मेमरीतून जॉब संपल्यावर प्रोग्राम काढून टाकणं. आणि त्या मुलाला स्वतः बसवून सांगा, लायसन्ससाठी अर्ज करतोय, तोवर ही कामं तुझ्याकडे नाहीत, बाकी सगळी आहेत. शॉपमधे सगळ्यांसमोर त्याच्या मागून कुजबुज चालू झाली तर चांगला माणूस जाईल.

आयटीचं थोडक्यात. नाइट सपोर्टवाल्याकडे अॅडमिन पासवर्ड असेल आणि तो अमेरिकेबाहेर बसलेला असेल तर फाइल उघडली नाही असं सिद्ध करणं तुमच्यावर येतं. मार्च 2020 पासून एक सवलत आहे, अनक्लासिफाइड डेटा पाठवणाऱ्यापासून घेणाऱ्यापर्यंत पूर्ण वेळ एन्क्रिप्टेड असेल, ठरलेल्या दर्जाचं एन्क्रिप्शन, आणि चावी कोणा बाहेरच्याकडे नसेल तर साठवणं-पाठवणं एक्सपोर्ट धरत नाहीत, फक्त बंदीवाल्या देशांत आणि रशियात तो मुद्दाम साठवायचा नाही. नेहमीचं ईमेल यात बसत नाही. कॅम सॉफ्टवेअर आपोआप क्लाउडवर सेव्ह करतं का ते पण तपासा, बऱ्याच शॉपमधे हे कोणाच्या लक्षातच येत नाही. आणि काम संरक्षण खात्याच्या कॉन्ट्रॅक्टखाली असेल तर सीयूआय (जपून ठेवायची सरकारी माहिती) आलं, एनआयएसटी 800-171 (सायबर सुरक्षेचं स्टँडर्ड) चे 110 कंट्रोल आले, सीएमएमसी (त्याची तपासणी) 10 नोव्हेंबर 2025 पासून कॉन्ट्रॅक्टमधे टप्प्याटप्प्याने यायला लागलंय. ते आयटारपेक्षा वेगळं प्रकरण आहे पण खर्च एकदाच करायचा असेल तर दोन्ही एकत्र प्लॅन करा.

रांगेतला

मी त्या मुलाच्याच जागी आहे, दुसऱ्या शॉपमधे, म्हणून लिहितोय. आमच्याकडे जेव्हा डिफेन्सचं काम सुरू झालं तेव्हा मॅनेजरने पहिल्या दिवशी बोलावून सगळं सांगितलं, कुठलं मशीन, कुठला फोल्डर, का नाही, लायसन्सचं काय चाललंय, आणि त्यामुळे मला एकदाही अपमान झाल्यासारखं वाटलं नाही, उलट मीच काळजी घेतो की चुकून कोणी मला सेटअपमधे मदत मागितली तर आधी जॉब नंबर विचारतो, कारण डेटा मला दाखवला तर अडचणीत कंपनी येते आणि माझं स्टेटस पण कंपनीवरच आहे. तुम्ही त्याला लवकर सांगा एवढीच विनंती. आणि लेखी द्या की कुठले जॉब त्याच्यासाठी बंद आहेत, तोंडी सांगितलेलं शुक्रवारच्या घाईत कोणाला आठवत नाही. भारतात सुट्टीला जाताना कंपनीचा लॅपटॉप नेऊ नये हा नियम मात्र सगळ्यांसाठी करा, सिटिझन लोकांसाठी सुद्धा, त्यांनी पण ड्रॉइंग असलेला लॅपटॉप तिकडे नेला तर प्रश्न येतातच.

पाचअॅक्सिस

रांगेतला, तुझं वाचून आजच त्याच्याशी बोललो. शांतपणे ऐकून घेतलं, लायसन्सचा अर्ज होणार म्हटल्यावर चेहरा खुलला.

कस्टमरचं उत्तर आलं. दोन हाउजिंग 9ए610.एक्स, एक मात्र कॅटेगरी 8(एच) मधलं, म्हणजे रजिस्ट्रेशन लागणारच. शेवटचं विचारतो, अॅनोडाइझ (अॅल्युमिनियमवरचा संरक्षक थर) आणि पेनेट्रंट टेस्टिंग (भेगा शोधायची टेस्ट) आम्ही बाहेर देतो, त्यांचं काय? आणि आधीच्या वर्षांतली कमर्शियल विमानांची कामं पण परत तपासावी का?

क्वालिटीवाली

बाहेर देताना ड्रॉइंग जाणार, पार्ट जाणार, म्हणजे त्यांच्याकडे पण फॉरेन पर्सन कोण हात लावतो हा प्रश्न आलाच. पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) क्लासिफिकेशन लिहा, परत दुसऱ्याला द्यायचं नाही असं लिहा, आणि पहिला लॉट पाठवायच्या आधी त्यांच्याकडून लेखी उत्तर घ्या की ते हे सांभाळू शकतात. पूर्ण ड्रॉइंगची गरज नसते बहुतेक वेळा, मास्किंगचं स्केच, स्पेसिफिकेशन नंबर आणि जाडी एवढ्यावर अॅनोडाइझवाला काम करतो, जेवढं कमी पाठवाल तेवढं चांगलं. पेनेट्रंटवाल्याला झोन लागतात तेवढे द्या.

जुनी कामं नक्की तपासा, विशेषतः जी भारतात प्रोग्रामिंगला गेली ती. काही सापडलं तर स्वतःहून कळवायची सोय आहे, आयटारचं कलम 127.12, पहिली सूचना दिल्यापासून 60 दिवसांत पूर्ण तपशील द्यायचा, आणि स्वतः सांगितलं तर ते तुमच्या बाजूने धरतात. कॉमर्सच्या बाजूला पण तशीच व्यवस्था आहे. पण तपासणी वकिलामार्फत करा, आणि त्या जॉबच्या फाइली, ईमेल, पोर्टलचे लॉग आत्ताच गोठवून ठेवा, सर्व्हर साफ करायचं काम आयटीवाल्याला कोणी सांगितलं असेल तर ते आज थांबवा. रेकॉर्ड 5 वर्षं ठेवायचं असतं, मोजणी व्यवहार किंवा लायसन्स संपल्यापासून.

8(एच) वालं हाउजिंग वेगळ्या जॉब नंबरवर, वेगळ्या सेलमधे घ्या, बाकीच्या दोघांत मिसळू नका. आणि रजिस्ट्रेशनचं लेटर हातात येईपर्यंत त्याची पहिली चिप पडू देऊ नका, कस्टमरने कितीही घाई केली तरी.

लेथकाका

ताईंच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून, डीएस-2032 भरायच्या आधी मालकी हक्काचे कागद जमवा, शेअर कोणाकडे किती, कोणी फॉरेन पर्सन पार्टनर आहे का. फॉर्मवर कंपनीच्या सीनियर ऑफिसरची सही लागते. पुढे डीएसपी-5 च्या अर्जावर सही करायला एम्पॉवर्ड ऑफिशियल लागतो, तो यूएस पर्सन आणि कंपनीचाच माणूस हवा, आणि शंका आली तर काम थांबवण्याचा अधिकार त्याला खरोखर असायला हवा. तुमच्या वर्णनावरून तो माणूस तुम्हीच दिसताय. तुम्ही यूएस पर्सन असाल तर मालकांकडून तो अधिकार लेखी घ्या.